वॉट नाही, हवा मोजा: जुन्या स्पीकरचं वेड समजून घेताना

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बसमध्ये इयरफोन नसतात, किंवा ऐकलेले आकडे पुन्हा नीट बघायचे असतात, अशा सगळ्यांसाठी. बोललोय बऱ्यापैकी तसंच ठेवलंय, फक्त अधलेमधले "म्हणजे काय की" काढून टाकलेत.

आपल्याकडं दोन मेसेज सारखे येतात. पहिला असा, "दहा हजारात दणकून बास देणारा ब्लूटूथ स्पीकर सांगा." दुसरा जरा कमी येतो, पण येतो, "घरात आजोबांचा मोठा लाकडी रेडिओ पडलाय, नुसती जागा अडवतोय. भंगारवाला किलोच्या भावानं मागायलाय. देऊन टाकू का?"

वरवर बघितलं तर दोन्ही प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. स्पीकरचा आवाज वॉटमध्ये नसतो, तो हवा हलवण्यात असतो. ही गोष्ट डोक्यात बसली की दहा हजार कुठं घालायचे ते कळतं. आणि जगात काही लोक ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या स्पीकरसाठी वेडे का होतात, तेही कळतं.

स्पीकर म्हणजे नेमकं काय?

आधी आतलं बघू. एक चुंबक. त्याच्या फटीत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं, म्हणजे कॉइल. कॉइलला चिकटवलेला कागदाचा शंकू, ज्याला आपले मेकॅनिक नुसतं "कागद" म्हणतात. गाण्याचा विद्युतप्रवाह कॉइलमधून गेला की ती चुंबकाच्या फटीत पुढं-मागं होते, तिच्यासोबत कागद हलतो, कागद हवा ढकलतो आणि ती हवा तुमच्या कानापर्यंत पोहोचते. बस्स, एवढंच.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये या रचनेचा शास्त्रशुद्ध आराखडा मांडला. तेव्हापासून शंभर वर्षं झाली, पण गाभा तोच आहे. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येही चुंबक, कॉइल आणि पडदाच आहे. फक्त पडदा नखाएवढा झालाय.

आणि घोळ तिथंच आहे. आवाज जितका खालचा, म्हणजे जितका बास, तितकी जास्त हवा हलवावी लागते. हिशेब सोपा आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर त्याच पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. दोन सप्तकं खाली, सोळापट. तीन सप्तकं खाली, ६४ पट. म्हणजे मोबाईलचा पडदा ८०० हर्ट्झचा सूर जेवढं हलून काढतो, त्याच्या ६४ पट हलला तरच पखवाजाचा १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा तेवढ्याच जोरात निघेल. मोबाईलच्या जाडीत तेवढी जागाच नाही.

"मग मोबाईलवर मला ढोलकीचा बास ऐकू येतो तो कुठून?" असं कुणीतरी विचारणारच. तो बराचसा तुमच्या मेंदूतून येतो. मूळ सूर गायब असला, पण त्याच्या वरचे सूर शिल्लक असले, तर मेंदू मधला खड्डा स्वतःच भरून काढतो. म्हणूनच जे गाणं तुम्ही मोबाईलवर शंभर वेळा ऐकलंय, ते चांगल्या स्पीकरवर पहिल्यांदा ऐकलं की "अरे, हे वाद्य यात होतं का?" असं होतं.

एक वॉट महाग होता, तेव्हाची गोष्ट

आता जरा मागं जाऊ, आपल्याच भागात. १९४८ पर्यंत नांदेड काय, लातूर काय, सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, डेक्कन रेडिओ. त्यावर उर्दू, तेलुगू आणि कन्नडसोबत मराठी कार्यक्रमही व्हायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे आज आपण ज्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो त्या दिवशी, निजामानं शरणागती याच रेडिओवरून जाहीर केली. पुढं १९५० मध्ये हे केंद्र ऑल इंडिया रेडिओत आलं.

आता जरा कल्पना करा, ती बातमी ज्यांनी रेडिओवर ऐकली त्यांनी ती किती वॉटवर ऐकली असेल? त्या काळचा घरगुती व्हॉल्व्हचा रेडिओ साधारण दोन ते चार वॉट द्यायचा. आज मुलांच्या खेळण्यातल्या स्पीकरच्या खोक्यावरही यापेक्षा मोठा आकडा छापलेला असतो. तरी त्या रेडिओभोवती दहा-पंधरा माणसं बसून ऐकायची. १९५२ पासून रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला आणि १९५७ पासून विविध भारती घरोघर पोहोचली, ती अशाच डब्यांमधून.

हे कसं जमायचं? तेव्हा वॉट लई महाग होता. एकेक वॉट वाढवायचा म्हणजे मोठे व्हॉल्व्ह, मोठा ट्रान्सफॉर्मर, जास्त उष्णता आणि जास्त पैसा. जिथं वीज नव्हती तिथं रेडिओ बॅटरीवर चालायचा, मग तर विचारूच नका. त्यामुळं इंजिनिअर लोकांनी उलटा विचार केला. वॉट वाढवता येत नाही ना, मग आहे त्या वॉटमध्ये जास्तीत जास्त हवा हलवणारा स्पीकर बनवू. हलका कागद, जोरदार चुंबक, ऐसपैस लाकडी डबा. आज ज्याला "विंटेज साउंड" म्हणतात, त्याचा जन्म अशा काटकसरीतून झालाय.

खोक्यावर शोधायचा खरा आकडा

या काटकसरीला एक मोजमाप आहे, सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला एक वॉट द्यायचा आणि एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते मोजायचं.

डेसिबलचे दोन नियम पाठ करून ठेवा. तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात. दहा डेसिबल वाढवायचे तर वॉट दहापट लागतात, आणि कानाला मात्र आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

आता गणित करू. आपल्याला एक मीटरवर १०० डेसिबलचा झटका हवाय. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८३ असेल तर त्याला सुमारे ५० वॉट लागतील. ९० असेल तर १० वॉट. आणि १०० असेल तर फक्त एक वॉट! म्हणजे ५० वॉटचा एक सेट आणि एक वॉटचा दुसरा सेट अगदी सारख्याच जोरात वाजू शकतात. नुसता वॉटचा आकडा बघून स्पीकर घेणं म्हणजे ट्रॅक्टरची टाकी किती मोठी आहे यावरून तो किती नांगरेल हे ठरवण्यासारखं आहे.

भोंग्यात बास का नसतो?

कमी वॉटमध्ये जास्त आवाज काढायची सगळ्यात जुनी युक्ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, कर्णा. म्हणजे भोंगा. अमेरिकेत १९१५ मध्ये जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी कॉइलवाल्या स्पीकरला कर्णा जोडून सॅन फ्रान्सिस्कोत भल्यामोठ्या जमावाला आवाज ऐकवला होता. आपल्याकडं १९४० पासूनची दिल्लीची आहुजा कंपनी इतकी घराघरात पोहोचली की बऱ्याच गावांत भोंगा म्हणजेच आहुजा. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आठवा. तमाशाचे फड, पाळणे, दुकानं, आणि प्रत्येकाचा आपला भोंगा.

कर्णा काम कसं करतो? शेतात बांधावरून लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हाताचे तळवे धरतो, तसं. छोट्या पडद्याची मेहनत मोकळ्या हवेत बरीचशी वाया जाते, कारण हवा पटकन बाजूला सरकते. कर्णा त्या हवेला हळूहळू रुंद होणाऱ्या वाटेनं बाहेर नेतो, त्यामुळं पडद्याला हवेवर नीट "पकड" मिळते. तुतारीचं आणि सनईचं तोंड पसरट असतं, त्यामागं हेच आहे.

पण कर्ण्याला एक अट असते. जेवढा खालचा सूर, तेवढं मोठं तोंड पाहिजे. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते. तिला पुरेल असा कर्णा करायचा तर खोलीच भरून जाईल. म्हणून यात्रेतल्या भोंग्यावर माणसाचा आवाज कोसभर जातो, पण ढोलकी मात्र पत्र्यावर वाजवल्यासारखी येते. त्यात भोंग्याचा दोष नाही, तो बोलणं लांब पोहोचवायलाच बनवलाय.

अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श नावाच्या इंजिनिअरनं १९४६ च्या सुमारास यावर डोकं लढवलं. त्यानं कर्णा घडी घालून लाकडी कपाटात बसवला आणि ते कपाट खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचा पुढचा भाग झाल्या. म्हणजे निम्मा स्पीकर त्यानं बनवला आणि निम्मा तुमच्या घराकडूनच घेतला! या क्लिप्शहॉर्नची सेन्सिटिव्हिटी १०४ डेसिबलच्या आसपास सांगितली जाते. चार वॉटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर तो घर दणाणून सोडतो. गंमत म्हणजे हे मॉडेल आजही बनतं.

तीन पाहुणे, दोन खुर्च्या

आता या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट. स्पीकरच्या धंद्यात एक नियम आहे, हॉफमन यांचा लोखंडी नियम. केएलएच नावाच्या जुन्या अमेरिकन स्पीकर कंपनीतला शेवटचा "एच" म्हणजे हे हॉफमन. नियम असा, की तुम्हाला तीन गोष्टी हव्या असतात: छोटा डबा, खोल बास आणि कमी वॉटमध्ये जास्त आवाज. तिन्ही एकत्र मिळत नाहीत. तीन पाहुणे आलेत आणि खुर्च्या दोनच आहेत, कुणीतरी एक उभा राहणारच.

जुन्या लोकांनी खोल बास आणि जास्त आवाज निवडला, त्यामुळं डबा कपाटाएवढा झाला. सिनेमा टॉकीजमध्ये पडद्यामागं असायचे ते स्पीकर असेच.

१९५४ मध्ये एडगर व्हिलचर या माणसानं खुर्च्या बदलल्या. त्याच्या एआर-१ या स्पीकरनं हवाबंद छोट्या डब्यातून खोल बास काढून दाखवला. बदल्यात सेन्सिटिव्हिटी गेली, म्हणजे वॉट भरपूर लागू लागले. पुढं ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाला आणि सगळं जग त्याच वाटेनं गेलं. आजचा ब्लूटूथ स्पीकर ही त्याच वाटेवरची मंडळी. छोटा डबा, थोडा बास आणि त्यासाठी बॅटरी पिळून घेणारा अँप्लिफायर. आवाज वाढवला की बास आपोआप कमी होतो, कारण आतली चिप पडदा फाटू नये म्हणून त्याला आवरते. घरी करून बघा, चटकन लक्षात येईल.

यात जुनं चांगलं आणि नवं वाईट असं काही नाही. प्रत्येकानं कुठला पाहुणा उभा ठेवला, एवढाच फरक आहे. बीबीसीनं १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा एक छोटा स्पीकर तयार केला होता. प्रक्षेपणाच्या गाडीत, अरुंद जागेत, निवेदकाचा आवाज खरा येतोय की नाही हे तपासायला. त्यानं बासही बराचसा सोडला आणि आवाजाचा जोरही सोडला, सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३. पण माणसाचा आवाज असा देतो की पन्नास वर्षांनंतरही लोक त्याच्या जुन्या जोड्या शोधत फिरतात. पॉडकास्ट करणाऱ्या आमच्यासारख्यांना तर तो आपलाच वाटतो.

मग जुन्याचं एवढं वेड का?

एक कारण आत्ताच बघितलं. व्हॉल्व्हचा छोटा अँप्लिफायर ज्याला आवडतो, त्याला जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर लागतो, आणि तसे स्पीकर जुन्या काळात जास्त बनले. वेस्टर्न इलेक्ट्रिकनं १९२०-३० च्या दशकांत बोलपटांच्या थिएटरसाठी बनवलेले कर्णे जपान आणि कोरियातल्या शौकिनांनी जगभरातून गोळा केले. सोलमध्ये २०२४ साली ऑडिअम नावाचं आख्खं संग्रहालय जुन्या ऑडिओ यंत्रांसाठी उघडलंय.

दुसरं कारण चुंबकात आहे. जुन्या स्पीकरचं चुंबक बहुतेक अल्निकोचं असायचं, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचं मिश्रण. १९७८ च्या सुमारास झैर देशात, म्हणजे आजच्या काँगोत, लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव भडकले. कंपन्यांनी अल्निको सोडून स्वस्त फेराइट घेतलं. त्यामुळं अल्निकोवाले स्पीकर "त्या काळचे" ठरले. काही लोक शपथेवर सांगतात की अल्निकोचा आवाज गोड असतो. माझ्या मते गोडव्यात चुंबकापेक्षा कागदाचा आणि डब्याचा वाटा मोठा आहे. पण एक गोष्ट बघा, तेच काँगोचं कोबाल्ट आज तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत आहे. आणि मोबाईलच्या स्पीकरमध्ये १९८० च्या दशकात आलेलं निओडिमियमचं चुंबक आहे, एवढंसं पण ताकदवान. ते नसतं तर मोबाईल इतका चपटा झालाच नसता.

भारतातही हे वेड नवं नाही. कोलकात्याची सोनोडाइन कंपनी १९७० पासून स्पीकर बनवतेय. पुण्यातल्या कॅडन्सनं पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचे स्पीकर बनवले. कोचीची रेथम कंपनी कर्ण्याच्या तत्त्वावरचे हाय-एंड स्पीकर बनवते. म्हणजे हा शौक फक्त परदेशातल्या बंगल्यांमधला नाही.

जुनं ते सगळं सोनं नसतं

आता थंड पाणी. नांदेड-लातूरचा उन्हाळा जुन्या स्पीकरचा पक्का वैरी आहे. कागदाच्या कडेला फोमची पट्टी असेल तर ती पंधरा-वीस वर्षांत पिठासारखी भुगा होते. कागद कसर खाते, डबा वाळवी खाते, आणि माळ्यावरचा स्पीकर उंदरांना लई आवडतो.

म्हणून माळ्यावरनं काही उतरवलं, किंवा गंजगोलाईच्या, वजिराबादच्या बाजारात जुना स्पीकर दिसला, तर एवढं तपासा.

पहिलं, दोन्ही हातांची बोटं कागदावर समान अंतरावर ठेवा आणि अगदी हलक्या हातानं आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय. आवाज न येता मऊ हलला तर चांगलं लक्षण.

दुसरं, दीड व्होल्टचा साधा सेल तारेनं क्षणभर टेकवा. "टक" असा आवाज आला की कॉइल जिवंत आहे. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कागद बहुतेक वेळा पुढं येतो. जोडी असेल तर दोघांचे कागद एकाच दिशेला हलले पाहिजेत, नाहीतर बास एकमेकांना खाऊन टाकतो. सेल धरून ठेवू नका, टेकवा आणि काढा.

तिसरं, मल्टिमीटर असेल तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय.

चौथं, आणि हे नीट ऐका. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ कितीही मोह झाला तरी डायरेक्ट बोर्डाला लावू नका. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास किंवा जास्त दाब असतो, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि काही सेटमध्ये आतल्या पत्र्यालाच करंट असतो. वर्षानुवर्षं बंद पडलेला कपॅसिटर फुटूही शकतो. जाणता मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावून बघतो. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे काम त्यालाच करू द्या, यूट्यूब बघून हात घालू नका.

नांदेडच्या एका जुन्या मेकॅनिक मामांनी मला एक गोष्ट सांगितली, ती तशीच देतो. "बाळा, कड फाटली तर कडच बदलावी. पोरं येऊ लालेत आणि आख्खा कागद बदलून मागू लालेत. नवा कागद घातला की तो स्पीकर राहतो, पण त्याचा गळा बदलतो." किती खरं आहे बघा. कागदाचं वजन, जाडी, ताठपणा, सगळा आवाज त्यातच असतो. कॉइल भरणारी, कड चिकटवणारी ही मंडळी आता शहरात बोटावर मोजण्याइतकी उरलीत. त्यांच्याकडं जुने सुटे भाग असतात, आणि त्यांच्या बोटांत जे आहे ते कुठल्या व्हिडिओत सापडत नाही. सुटा भाग इथं नाही मिळाला तर हैदराबादच्या कोठी भागातली गुजराती गल्ली आपल्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा जवळ पडते.

दहा हजारवाल्या मित्रासाठी

पहिल्या मेसेजचं उत्तर राहिलंच. खोक्यावर "५००० वॉट पीएमपीओ" लिहिलं असेल तर त्या आकड्याकडं बघूच नका, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस लिहिलेला आकडा शोधा. तोही नसेल तर ॲडॉप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा, २४ वॉट. आत येणारीच वीज २४ वॉटची, मग सलग पाच हजार वॉट बाहेर कुठून येणार?

हलवत फिरायचं असेल, गच्चीवर, शेतावर न्यायचं असेल, तर ब्लूटूथ स्पीकर घ्या, त्यात काही चूक नाही. पण एका जागी बसून ऐकायचं असेल तर त्याच पैशात वापरलेली मोठ्या डब्याची जोडी आणि छोटा अँप्लिफायर बघा, आणि ऐकूनच घ्या. महागड्या केबलच्या नादी लागू नका, इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची जाड वायर पुरते.

आणि फुकटातली सुधारणा आधी करा. ट्विटर, म्हणजे वरचा छोटा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीला आला पाहिजे. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा समान बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की बास वाढतो, बाहेर काढला की मोकळा होतो. टाईलच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर खाली सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. याचा फरक हजारो रुपयांच्या केबलपेक्षा जास्त पडतो.

कान एकदाच मिळतात

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडं "चांगला आवाज" म्हणजे "मोठा आवाज" असं झालंय. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर छाती थरथरते, त्याला आपण क्वालिटी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. तुम्हीच पुढं करत जा, शंभराच्या वर आठवड्याचा कोटा मिनिटांवर येतो. आपल्या देशातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तर रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे. आतल्या कानातल्या ज्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यांना कुठला मेकॅनिक नाही.

चांगल्या स्पीकरचा खरा फायदा इथंच आहे. छोटा स्पीकर फाटक्या आवाजात वाजतो, शब्द कळत नाहीत, मग आपण आवाज वाढवतो, तो आणखी फाटतो. जो स्पीकर आरामात हवा हलवतो तो कमी आवाजातही भरलेला वाटतो. जुन्या अँप्लिफायरवर "लाउडनेस" नावाचं बटण असायचं ते यासाठीच. कमी आवाजात माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो, हे १९३३ मध्येच फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं. ते बटण तेवढा बास परत भरून द्यायचं. म्हणजे हळू आवाजात नीट ऐकता यावं, ही त्या काळच्या इंजिनिअरांची इच्छा होती. आपण तीच विसरलो.

तर आजोबांचा रेडिओ भंगारात देऊ नका, निदान इतक्यात तरी. भंगारवाला तुम्हाला तांब्याचे, लोखंडाचे आणि लाकडाचे पैसे देणार, आवाजाचे नाही. आधी मेकॅनिककडं न्या. तो चालू झाला तर बरंच. झाला नाही तरी आतला स्पीकर आणि डबा चांगला असेल तर छोटा अँप्लिफायर जोडून त्यावर मोबाईल वाजवता येतो. फक्त जुना सेट कापू नका, नवं जोडकाम असं करा की उद्या काढता येईल.

आणि चालू झाला की तीन गोष्टी ऐका. एक, आकाशवाणी नांदेडच्या एफएमवर कुणाचं तरी साधं बोलणं. दोन, औशाच्या नाथ संस्थानाच्या परंपरेतलं चक्रीभजन, त्यातला पखवाज आणि टाळ वेगवेगळे ऐकू येतायत का ते बघा. तीन, आपल्या नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर यांचं एखादं रेकॉर्डिंग, दिवे बंद करून, हळू आवाजात. मग मोबाईलच्या स्पीकरवर तेच लावा आणि फरक काय वाटला ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा.

तुमच्या गावात अजून कॉइल भरणारे, कड चिकटवणारे काका-मामा असतील तर त्यांच्याशी एकदा तासभर बोलून या. त्यांची परवानगी असेल तर रेकॉर्डही करा. पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याच आवाजात ऐकू. भेटू मग. तोवर आवाज जरा कमी ठेवा!